फुटबॉल कुणी शिवला? सियालकोट, बालमजुरी आणि मोठ्या कंपन्यांची जबाबदारी

फुटबॉलचा वर्ल्डकप आला की सियालकोटचं नाव बातम्यांत हमखास येतं. पाकिस्तानची टीम मैदानात नसते, पण चेंडू तिथला असतो. २०१४ च्या ब्राझील वर्ल्डकपसाठी आदिदासचा 'ब्राझुका' आणि २०२२ च्या कतार वर्ल्डकपसाठी 'अल रिहला' हे चेंडू सियालकोटच्या फॉरवर्ड स्पोर्ट्स या कारखान्यात तयार झाले. अल्लामा इक्बाल यांचं हे जन्मगाव. पंजाब प्रांतातल्या या शहरात आणि आसपासच्या गावांत खेळाचं सामान आणि सर्जिकल औजारं यांच्यावर कित्येक घरांची चूल पेटते.

तीस वर्षांपूर्वी याच शहराचं नाव वेगळ्या कारणाने जगभर झालं होतं. तिथले फुटबॉल लहान मुलं शिवत होती. त्यानंतर जे घडलं त्यातून कंपन्यांनी बालमजुरीबद्दल काय करायचं याची एक पद्धतच तयार झाली, आणि आज चॉकलेटपासून कपड्यांपर्यंत सगळीकडे थोड्याफार फरकाने तीच वापरली जाते. 'आमच्या मालात बालमजुरी नाही' असं कंपनी म्हणते तेव्हा ती नेमकं काय करते, हे आम्ही या लेखात समजावून घेणार आहोत. पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न आम्हाला वेगळा वाटतो. मूल कामावरून काढल्यानंतर त्याच्या घरात काय होतं?

कारखान्यातून घरात

जुन्या पद्धतीच्या फुटबॉलमध्ये ३२ तुकडे असतात. २० षटकोनी, १२ पंचकोनी. कारखान्यात रेक्झिनसारख्या कृत्रिम चामड्याला मागून कापडाचे थर चिकटवायचे, मशीनवर तुकडे कापायचे, त्यांवर कंपनीचा लोगो छापायचा, कडेने सुईसाठी भोकं पाडायची. इथपर्यंतचं काम कारखान्याच्या छताखाली. पुढची शिलाई मात्र हाताची. ३२ तुकडे, आतला ब्लॅडर आणि मेण लावलेला दोरा असा जुडगा ठेकेदार घेऊन जायचा आणि गावोगाव घरांत वाटायचा. गुडघ्यांत लाकडी चिमटा धरून, दोन सुयांनी, सहाशेच्या वर टाके घालायचे. हात बसलेल्या माणसालाही एका चेंडूला तीन-एक तास लागतात. पैसे चेंडूमागे, म्हणजे नगावर. तासावर नाही, महिन्यावर नाही.

घरात काम आलं की घरातले सगळे हात त्याला लागतात. आई शिवते, मोठी मुलगी शिवते, शाळेतून आलेला धाकटा दोरा ओवून देतो. हळूहळू त्याची शाळा सुटते, कारण त्याने शिवलेल्या चेंडूचेही पैसे मिळतात. इथे कुणी खलनायक नसतो. ठेकेदाराला चेंडू किती झाले ते हवं असतं, कुणी शिवले हे तो विचारत नाही. कारखानदार ठेकेदाराला विचारत नाही. अमेरिकेतली किंवा जर्मनीतली ब्रँड कंपनी कारखानदाराला विचारत नाही. पुरवठा साखळी म्हणजे हेच. वरपासून खालपर्यंत प्रत्येकाला फक्त आपल्या लगेच खालचा माणूस दिसतो.

मुलांची बोटं नाजूक म्हणून काम बारीक होतं, अशी एक समजूत गालिच्यांच्या धंद्यात जुनी आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेसाठी १९९० च्या दशकात भारतातल्या गालिचा उद्योगावर अभ्यास झाला, त्यात ही समजूत टिकली नाही. फुटबॉलच्या बाबतीत तर उलटंच आहे. टाका घट्ट ओढायला मनगटात ताकद लागते, ती मोठ्या माणसाकडेच असते. मूल कामावर येतं ते स्वस्त पडतं म्हणून आणि घरात पैसे कमी पडतात म्हणून.

१९९६ आणि ढाक्याची आठवण

अमेरिकेच्या 'लाइफ' मासिकाच्या जून १९९६ च्या अंकात सियालकोटवर लेख आला. सोबत फुटबॉल शिवत बसलेल्या एका लहान मुलाचा फोटो होता. तुकड्यांवर नायकीचं चिन्ह. त्याच उन्हाळ्यात युरो कप होता. अमेरिकेत या फुटबॉलविरोधात मोहीम उभी राहिली, कामगार संघटनांनी फिफाला धारेवर धरलं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या त्या वर्षीच्या पाहणीनुसार सियालकोट जिल्ह्यात ५ ते १४ वयाची ७,००० हून जास्त मुलं पूर्णवेळ फुटबॉल शिवत होती.

ब्रँड कंपन्यांपुढचा सोपा मार्ग सगळ्यांना दिसत होता. ऑर्डर बंद करा, दुसऱ्या देशात जा. पण तोपर्यंत बांगलादेशात काय झालं हे लोकांनी पाहिलं होतं.

अमेरिकेचे सिनेटर टॉम हार्किन यांनी १९९२ मध्ये एक विधेयक मांडलं. मुलांनी बनवलेला माल अमेरिकेत येऊ द्यायचा नाही, असं त्यात होतं. विधेयक मंजूर झालंच नाही, पण नुसत्या धास्तीने ढाक्याच्या गारमेंट कारखान्यांनी मुलांना गेटबाहेर काढलं. बहुतेक मुली होत्या. युनिसेफच्या १९९७ च्या अहवालात अशा मुलांचा आकडा ५०,००० पर्यंत सांगितला आहे. युनिसेफ आणि इतरांनी मग या मुलांचा माग काढला. त्यांतली बरीचशी शाळेत गेलीच नव्हती. कुणी खडी फोडत होतं, कुणी रस्त्यावर काहीबाही विकत होतं, काही मुली वेश्याव्यवसायात ढकलल्या गेल्या होत्या. कारखाना वाईट होता, पण बाहेर त्याहून वाईट जागा होत्या.

त्यानंतर ४ जुलै १९९५ रोजी बांगलादेशची गारमेंट उत्पादकांची संघटना, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफ यांच्यात करार झाला. शाळेची सोय झाल्याशिवाय मूल काढायचं नाही, शाळेत जाणाऱ्या मुलाला महिन्याला ३०० टका द्यायचे, आणि शक्य तिथे त्याच्या जागी घरातल्या मोठ्या माणसाला काम द्यायचं. ३०० टका म्हणजे मुलाच्या पगाराच्या मानाने कमीच होते. तरी तोवर कुणी न विचारलेला एक प्रश्न या करारात होता. घरातली तूट कोण भरणार?

अटलांटा करार

सियालकोटचा करार १४ फेब्रुवारी १९९७ रोजी अमेरिकेतल्या अटलांटा शहरात झाला, खेळाच्या सामानाच्या व्यापारी प्रदर्शनात. सह्या केल्या सियालकोट चेंबर ऑफ कॉमर्स, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफ यांनी. १४ वर्षांखालची मुलं १८ महिन्यांत फुटबॉलच्या शिलाईतून बाहेर काढायची, असं ठरलं.

करारातली मुख्य कल्पना साधी होती. घरात डोकावणं कुणालाही शक्य नाही, तर मग शिलाईच घराबाहेर आणायची. कारखानदारांनी ठेकेदारांची आणि शिवणाऱ्यांची नोंद ठेवायची, आणि काम किमान पाच जण बसतील अशा शिलाई केंद्रांतच द्यायचं. कामगार संघटनेचे निरीक्षक आधी न कळवता या केंद्रांत जायचे. २००३ पासून हे काम तिथल्याच एका स्वतंत्र निरीक्षण संस्थेकडे गेलं. दुसऱ्या बाजूला मुलांसाठी शिक्षण आणि कुटुंबांसाठी छोटी कर्जं अशी व्यवस्था होती. 'बुनियाद' नावाच्या साक्षरतेचं काम करणाऱ्या संस्थेने गावांत अनौपचारिक वर्ग चालवले, सेव्ह द चिल्ड्रेन ही संस्था त्यात होती, पाकिस्तान सरकारचं बैतुलमालही होतं. जकात आणि सदक्याच्या परंपरेतून आलेलं नाव असलेली सरकारी संस्था जागतिक ब्रँडच्या पुरवठा साखळीत मुलांच्या शिक्षणासाठी उभी राहते, ही गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. तिची चर्चा फारशी होत नाही.

करार कागदावर राहिला नाही. मोठ्या ब्रँडचा माल केंद्रांत शिवला जाऊ लागला आणि तिथे लहान मुलं दिसेनाशी झाली. आजही बालमजुरीविरोधी कामाचं यशस्वी उदाहरण म्हणून सियालकोटचं नाव घेतलं जातं. ते खोटं नाही, पण अर्धं आहे.

अम्मीचं काम गेलं

घरात शिवणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. काम दारात येत होतं म्हणून त्या कमावत होत्या. स्वयंपाक, म्हातारी सासू, तान्हं मूल सांभाळून दिवसाला एक-दोन चेंडू. शिलाई केंद्रात गेल्यावर हे सगळं मोडलं. केंद्र दुसऱ्या गावात, जायला वाहन नाही, आत सगळे पुरुष, पडद्याचा प्रश्न, घरच्यांची परवानगी. सेव्ह द चिल्ड्रेनने आधीच इशारा दिला होता की बायकांचं काय करायचं ते ठरवा. मग फक्त बायकांची छोटी केंद्रं गावातच काढायचे प्रयत्न झाले, काही ठिकाणी ती चाललीही. पण बऱ्याच घरांत आईची कमाई थांबली. ज्या मुलाच्या भल्यासाठी हे चाललं होतं, त्याच्याच ताटातली रोटी कमी झाली.

आणि मजुरीचं काय? अटलांटा करारात मोठ्या माणसाला चेंडूमागे किती मिळावं याबद्दल काहीच नव्हतं. करारावरची सर्वांत टोकदार टीका हीच आहे, आणि आम्हाला ती पूर्णपणे पटते. मुलं का शिवतात हे त्या काळात सेव्ह द चिल्ड्रेनच्या पाहणीत मुलांना आणि पालकांना विचारलं गेलं होतं. घर भागत नाही, हे उत्तर पुन्हा पुन्हा आलं. बाप आणि आई दिवसभर शिवूनही घर चालत नसेल तर तिसरा हात लागणारच. चेंडूला केंद्रात नेलं म्हणून तो हिशोब बदलत नाही. मूल फुटबॉल सोडून वीटभट्टीवर किंवा गॅरेजमध्ये गेलं तर फुटबॉल कंपनीची वही स्वच्छ दिसते, एवढंच.

मजुराकडून पूर्ण काम करून घ्यायचं आणि त्याची मजुरी द्यायची नाही, अशा माणसाविरुद्ध कयामतच्या दिवशी खुद्द अल्लाह उभा राहील, या अर्थाची हदीस सहीह बुखारीत आहे. आपल्याकडे जुम्याच्या बयानात ती अनेकदा ऐकायला मिळते. बालमजुरीच्या चर्चेत मात्र ती क्वचितच येते, आणि खरं तर तिची जागा तिथेच आहे.

२००६: जुनं दुखणं पुन्हा

नोव्हेंबर २००६ मध्ये नायकीने सियालकोटच्या सागा स्पोर्ट्स या आपल्या मोठ्या पुरवठादाराकडची ऑर्डर बंद करत असल्याचं जाहीर केलं. कारण दिलं ते असं की चेंडू परवानगीशिवाय पुन्हा घरांत शिवायला जात होते आणि त्यात मुलं असण्याचा धोका होता. हजारो शिवणाऱ्यांची रोजी धोक्यात आली. नायकी गेली तर इतर ब्रँडही जातील, अशी भीती शहरात पसरली.

माल घरांत परत का गेला, याचं उत्तर धंद्यातल्या माणसाला लगेच कळेल. ऑर्डर मोठी, मुदत छोटी, भाव ठरलेला. केंद्रातले हात पुरत नाहीत. ठेकेदार गुपचूप जुडगे घरी पाठवतो. खरेदीदार कंपनी एका हाताने आचारसंहिता देते आणि दुसऱ्या हाताने असा भाव आणि अशी मुदत देते की ती पाळणं अवघड होऊन बसतं. दोष फक्त सियालकोटच्या कारखानदाराचा नाही, असं आम्ही म्हणतो ते यामुळेच.

पुढच्या वर्षी, २००७ मध्ये, नायकी सियालकोटला परत आली. या वेळी सिल्व्हर स्टार या कंपनीशी वेगळ्या अटींवर करार झाला. शिवणारे नोंदणीकृत पूर्णवेळ कामगार असतील, त्यांना नगावर नाही तर तासावर मजुरी मिळेल, सामाजिक सुरक्षेचे लाभ मिळतील, आणि काम कारखान्याच्या आवारातच होईल. दहा वर्षांपूर्वीच्या अटलांटा करारात जे नव्हतं ते इथे आलं. नगावर पैसे असतात तोवर मुलाच्या हाताला किंमत असते. आईला तासाचे पैसे मिळू लागले की मुलाने मदत केली तरी पाकीट तेवढंच राहतं. मुलाला कामाला बसवण्यात घराचा फायदाच उरत नाही. मजुरी देण्याची पद्धत बदलल्याने जे होतं ते शंभर निरीक्षकांनीही होत नाही, असं आमचं मत आहे.

तपासणीचा कागद

आज कुठल्याही मोठ्या कंपनीला विचारा, ती ऑडिटचा अहवाल दाखवेल. बाहेरची एजन्सी कारखान्यात येते, हजेरी पुस्तक पाहते, वयाचे दाखले पाहते, दहा-वीस कामगारांशी बोलते आणि गुण देते. याचा उपयोग आहे, नाही असं नाही. पण त्यावर किती विसंबायचं?

कराचीच्या बलदिया टाउनमधल्या अली एंटरप्रायझेस या कपड्याच्या कारखान्याला ऑगस्ट २०१२ मध्ये एसए ८००० हे प्रतिष्ठित सामाजिक प्रमाणपत्र मिळालं. ११ सप्टेंबर २०१२ रोजी तिथे आग लागली आणि २५० हून अधिक कामगार मेले. दारं बंद होती, खिडक्यांना गज होते. आग मुद्दाम लावली होती, असा निकाल कराचीच्या न्यायालयाने २०२० मध्ये दिला. पण बंद दारं कुणी आग लावली म्हणून बंद नव्हती, ती रोजच बंद असायची आणि प्रमाणपत्र देणाऱ्यांना दिसली नाहीत. कारखान्याची मुख्य गिऱ्हाईक जर्मनीची किक ही कंपनी होती. मृतांच्या कुटुंबांच्या संघटनेतल्या काही जणांनी तिच्याविरुद्ध जर्मनीच्या डॉर्टमुंड न्यायालयात दावा लावला. २०१९ मध्ये तो मुदत संपल्याच्या कारणावरून फेटाळला गेला. त्याआधी, २०१६ मध्ये, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या मध्यस्थीने किकने ५१.५ लाख डॉलरची भरपाई मान्य केली होती.

कराचीनंतर सात महिन्यांनी, २४ एप्रिल २०१३ रोजी, ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळलं आणि १,१३४ जीव गेले. तिथल्या काही कारखान्यांचीही ऑडिटं झालेली होती. त्यानंतर मे २०१३ मध्ये ब्रँड कंपन्या आणि कामगार संघटनांनी 'बांगलादेश ॲकॉर्ड' केला. तो ऐच्छिक आचारसंहितेसारखा नव्हता, कंपनीवर कायद्याने बंधनकारक होता. तपासणीचे अहवाल जाहीर होत, आणि दुरुस्ती न करणाऱ्या कारखान्याचं काम सगळ्याच ब्रँडनी थांबवायचं असं ठरलेलं होतं. २०२३ मध्ये पाकिस्तानातही तसाच ॲकॉर्ड सुरू झाला. इमारतींची सुरक्षितता त्यामुळे सुधारली. मजुरी त्याच्या कक्षेत नव्हती.

चॉकलेटचं उदाहरण

थोडं आफ्रिकेकडे. जगातलं निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतं. आयव्हरी कोस्टच्या कोको पट्ट्यात बुर्किना फासो आणि मालीहून आलेली अनेक मुस्लिम कुटुंबं राबतात. २००१ मध्ये चॉकलेट कंपन्यांनी वाईटात वाईट प्रकारची बालमजुरी संपवण्याचं वचन दिलं. २००५ ची मुदत गेली, २००८ ची गेली, २०१० ची गेली. २०२० मध्ये शिकागो विद्यापीठाच्या संशोधन संस्थेने दिलेला आकडा होता १५.६ लाख मुलं.

वीस वर्षांच्या या अपयशातून एक बदल मात्र आला. नेस्लेने जानेवारी २०२२ मध्ये जाहीर केलेल्या योजनेत कोको शेतकरी कुटुंबाला वर्षाला ५०० स्विस फ्रँकपर्यंत रोख रक्कम दिली जाते. मुलं शाळेत असतील, झाडांची छाटणी वेळेवर केली असेल, तर. ही रक्कम मोबाइलवर येते आणि ती फक्त शेतकऱ्याला नाही, त्याच्या बायकोलाही मिळते. कंपनीने कोकोला भाव वाढवून दिला असता तर ते जास्त सरळ झालं असतं, असं म्हणायला जागा आहे आणि आम्ही ते म्हणतोच. तरीही मुलाला शाळेत ठेवायचं तर पैसा आईच्या हातात गेला पाहिजे, हे या कंपन्यांना फार उशिरा कळलं.

कायदा कुठवर आला

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने २०११ मध्ये व्यवसाय आणि मानवी हक्क याबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली. ती तयार करणारे हार्वर्डचे प्राध्यापक जॉन रगी. त्यांचा गाभा असा की संरक्षण करणं हे सरकारचं कर्तव्य, हक्कांचा आदर करणं ही कंपनीची जबाबदारी, आणि नुकसान झालं तर दाद मागायची सोय दोघांनी करायची. कंपनीने आपल्या साखळीत धोका कुठे आहे हे स्वतः शोधायचं, तो थांबवायचा, काय केलं ते जाहीर करायचं. मुलांबद्दलची वेगळी तत्त्वं युनिसेफ, सेव्ह द चिल्ड्रेन आणि संयुक्त राष्ट्रांच्या ग्लोबल कॉम्पॅक्टने २०१२ मध्ये काढली.

ही सगळी तत्त्वं, कायदे नाहीत. कायदा जर्मनीत आला. १ जानेवारी २०२३ पासून ३,००० हून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना आणि २०२४ पासून १,००० वाल्यांना आपल्या पुरवठादारांवर लक्ष ठेवणं बंधनकारक झालं. युरोपियन युनियनचा मोठा कायदा २०२४ मध्ये मंजूर झाला, पण २०२५ मध्ये त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली. उद्योगांचा दबाव होता. भारतात सेबीने २०२२-२३ पासून पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना सामाजिक जबाबदारीचा एक अहवाल सक्तीचा केला आहे. त्यात बालमजुरीबद्दलचे प्रश्न आहेत. ज्या कंपनीचे शेअर आपल्या घरात कुणी घेतले असतील तिचा हा अहवाल तिच्या वेबसाइटवर मिळतो, उघडून पाहायला हरकत नाही.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे २०२४ मध्ये जगात १३.८ कोटी मुलं बालमजुरीत होती. २०२० मध्ये हा आकडा १६ कोटी होता. यातल्या ६१ टक्के मुलांचं काम शेतीत आहे, कारखान्यात नाही. निर्यातीच्या मालात त्यांतली थोडीच मुलं असतात, हेही लक्षात ठेवायला हवं.

आपल्याकडचे अड्डे आणि कोयते

सियालकोटची कहाणी वाचताना गोवंडी, धारावी, भिवंडी, मुंब्रा इथल्या वाचकांना बरंच काही ओळखीचं वाटलं असेल. जरीकामाच्या अड्ड्यावर बिहारमधून आणलेली मुलं बसवली जात, त्या कारखान्यांवर २००५ मध्ये मुंबईत मोठे छापे पडले. मुलं गाड्यांत भरून गावी पाठवली गेली. गावात त्यांच्यासाठी काय होतं? काही मुलं काही काळाने दुसऱ्या शहरात, दुसऱ्या अड्ड्यावर पोहोचली. हे ढाक्यातही घडलं होतं.

आपल्या वस्त्यांत घरी काम आणणाऱ्या बायका आजही आहेत. टिकल्या लावणं, इमिटेशन ज्वेलरी जोडणं, कपड्याचे धागे कापणं. मजुरी डझनावर किंवा नगावर. तो माल कुठे जातो हे त्यांना ठाऊक नसतं. भारताच्या कायद्याप्रमाणे १४ वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवता येत नाही. २०१६ च्या दुरुस्तीत एक सूट आहे, शाळेनंतर आणि सुट्टीत घरच्या धंद्यात मुलाने मदत केली तर चालते, काम धोक्याचं नसेल तर. ठेकेदाराने आणून दिलेलं काम 'घरचा धंदा' म्हणून दाखवलं जातं ते याच सुटीच्या आडोशाने. १४ ते १८ वयाच्या मुलांना धोकादायक कामांवर ठेवायला बंदी आहे. मालकाला ६ महिने ते २ वर्षं कैद आणि २० ते ५० हजार रुपये दंड होऊ शकतो.

शेतीतलं उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्ट यांनी मार्च २०२४ मध्ये आपल्या ऊसतोडीवर मोठा शोधलेख छापला. बीडसारख्या जिल्ह्यांतून जाणारी जोडपी, त्यांच्याबरोबर फडात जाणारी मुलं, लवकर लावली जाणारी लग्नं, बायकांची गर्भाशयं काढण्याच्या शस्त्रक्रिया, आणि कोका-कोला, पेप्सीको यांना जाणारी साखर, असा तो सगळा धागा होता. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत सुटका नसते. पाकिस्तानात याच उचलीला पेशगी म्हणतात. गालिच्याच्या मागाला बांधला गेलेला, तिथून सुटून आपल्यासारख्या मुलांसाठी बोलणारा आणि १६ एप्रिल १९९५ रोजी गोळी लागून मेलेला इक्बाल मसीह अशाच पेशगीपायी चार-पाच वर्षांच्या वयात कामाला लागला होता.

हलाल प्रमाणपत्र जिलेटीन, अल्कोहोल, जनावराची कत्तल कशी झाली हे पाहतं. ती वस्तू बनवणाऱ्याला मजुरी मिळाली का, हे सहसा पाहत नाही. हे तपासायची जबाबदारी त्या संस्थांनी घेतली पाहिजे असा आग्रह समाजातूनच धरता येईल. आपल्यातल्या ज्यांचे स्वतःचे कारखाने आहेत, जे निर्यातदारांना माल देतात, त्यांना तर खरेदीदाराच्या कागदांची वाट पाहायची गरजच नाही. काम घरी देत असाल तर मजुरीचा दर असा ठरवा की बाईने एकटीने दिवसभर काम केलं तर किमान वेतन निघेल. नोंदीची एक वही तिच्याकडे आणि एक तुमच्याकडे ठेवा. घरकाम करणाऱ्या बायकांना ई-श्रम पोर्टलवर नाव नोंदवता येतं, नोंदणी मोफत आहे.

एखादं मूल कामावर दिसलं तर १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर चोवीस तास चालू असतो, फोन फुकट लागतो आणि स्वतःचं नाव सांगावं लागत नाही. ठिकाण, खूण, मुलं साधारण किती आणि काम कधी चालतं एवढं सांगितलं तरी पुरतं. सुटका झालेल्या मुलाला बाल कल्याण समितीपुढे हजर करतात आणि पुढे शाळा, पुनर्वसन निधी, घरी पाठवणं हे निर्णय तिथे होतात. मुलाचे पालक गरीब असतील आणि तिथे जायला घाबरत असतील तर मोहल्ल्यातल्या, मशिदीच्या ट्रस्टमधल्या कुणी तरी त्यांच्याबरोबर जावं. मालकाकडे थकलेली मुलाची मजुरी मागायचा हक्क त्यांना आहे, आणि तो अर्ज त्याच वेळी द्यायचा असतो.